किसनरावांचा डावा गाल

“किसनचं आप्रेशन झालं वो बाई, पन त्याचा गाल…”

एवढं बोलून गार्डसाहेबांनी शिट्टी फुंकली, झेंडी हलवली आणि गाडी सुटली!

आम्हा बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरवाल्यांकडे गोष्टींना तोटा नाही. मुंबईचा गार्ड भुसावळच्याला सांगतो, भुसावळचा आम्हाला. गाडी थांबेल तेवढीच बातमी उतरते, उरलेली नागपूरला जाते!

किसनराव पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारे; आमच्या भिंतीला भिंत. डोक्यात गाठ निघाली म्हणून धाकटा भाऊ त्यांना मुंबईला घेऊन गेला होता. घरी बायको रुक्मा अन् दोन लेकरं. आता हा अर्धा गाल मी तिला कसा सांगू?

सांगितला. पोटात राहतं का माझ्या!

*

दुपारपर्यंत उरलेलं वाक्य क्वार्टरांनी पुरं केलं. एक म्हणाली, “मेंदू घसरून गालात उतरला असंल.” दुसरी म्हणाली, “गालफुगी हाय ते!” अन् तिनं आपली पोरं रुक्माच्या पोरांपासून दूर ओढली.

मी म्हटलं, “अवो, गाल मुंबईत सुजला, तुमच्या पोराईले इथं कसा लागंल?”

“लागते! गार्ड तिकडूनच आला नं?”

रुक्मा चुलीपाशी बसून राहिली. भाकर करपली तरी उलटेना.

*

दुसऱ्या दिवशी मी गाडीच्या आधी फलाटावर. गार्ड नवा होता. “डोकं उजवीकून उघडलं, सूज डावीकून! अन् मानूस कोनाले वळखत नाही म्हन्ते.”

झालं! “डाक्टर बाजू चुकला!” तिकीटबाबूंनी निकाल दिला. “पुन्हा फाडा लागंल.”

रुक्मा एकदम उठली. “वैनी, मी चालली. पुन्हा फाडू देनार नाही मी त्याईले.”

पास मिळाला, पोरं माझ्या सासूकडे. तिला एकटी कशी सोडणार, म्हणून मी निघाले. (अन् खरं सांगते, न पाहता मला झोप आली नसती.) वाटभर तिनं खिडकीची दांडी सोडली नाही. दर स्टेशनाला विचारी, “वैनी, मले वळखतीन का वो ते?”

*

मुंबईच्या इस्पितळात किसनराव खाटेवर निजलेले. डोक्याला पांढरं पागोटं गुंडाळल्यासारखी पट्टी, अन् डावा गाल कानापासून गळ्यापर्यंत कवठाएवढा! रुक्मानं डॉक्टरांची वाटच अडवली. “सायेब, बाजू चुकली का?”

डॉक्टर हसले. “नाही बाई. उजवीकडून उघडायचं म्हणून मान सहा तास डावीकडे वळवून ठेवली होती. खालच्या बाजूची लाळेची ग्रंथी दबली अन् सुजली. असं क्वचितच होतं. आठवड्यात उतरेल.”

“अन् डोक्यातली गाठ?”

“ती काढली.”

रुक्मा तिथंच फरशीवर बसली. मग उठून खाटेशी गेली. “अवो, मले वळखलं का?”

किसनरावांनी डोळे उघडले. सुजल्या तोंडातून एकेक शब्द बाहेर आला. “तुले काहून नाही वळखनार, रुकमे? पोरं कोनापाशी ठेवली?”

रुक्माच्या डोळ्यांना धार लागली. मीही पदर डोळ्यांना लावून पुढे झाले. अकरा वर्षांपासूनची शेजारीण मी, दोन दिवस यांच्यासाठी फलाट झिजवलेली!

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. न सुजलेल्या बाजूचा ओठ जरासा हसल्यागत वर गेला.

“रुकमे,” ते म्हणाले, “हे बाई कोन व्हय?”