आधी एसी काढा!

चहा घ्या, पण घोट गिळून मग ऐका, नाहीतर ठसका लागेल! माझ्यासारख्या शहाण्यानं लातुरात जाऊन काय शेण खाल्लं ते सांगतो.

तेव्हा मी नांदेडला तासिकेवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. लातूरच्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली. बायको म्हणाली, "एवढी नोकरी लागू द्या, माहूरला जाऊन देवीची ओटी भरते."

मुलाखत घ्यायला दोघंच होते. प्राचार्य, आणि उदगीरच्या एक तज्ज्ञ मॅडम. शिकवून दाखवायला विषय दिला, बायस्ड क्लॅम्पर. आपला तर हातखंडा!

"खाटेच्या पायांखाली विटा ठेवल्या की खाट तीच राहते, नुसती उंच होते," मी सुरू केलं. "तसं हे सर्किट लाटेचा आकार न बदलता तिला वर उचलतं. विटा किती, ते ही बॅटरी ठरवते."

मॅडमनी मान डोलावली. मी ऐटीत सर्किट चालू केलं. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लाट आली आणि मधोमध बसून राहिली. ढिम्म! बॅटरी वाढवली, डायोड बदलला. हलायलाच तयार नाही.

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, एसीवर हाय की. एसी काढा आधी."

मे महिना, लातूरचं ऊन, आणि या बाईंना थंडी? पण तज्ज्ञांचं मन कसं मोडायचं? मी रिमोट उचलला, एसी बंद!

"अहो, कालच बसवलाय तो!" प्राचार्य कळवळले.

"मॅडमना सोसंना, सर."

थोड्या वेळात प्राचार्यांच्या टकलावरून घाम ओघळायला लागला. मॅडम पदरानं वारा घेऊन राहिल्या होत्या.

"सर, एसी अजून हायच की!"

मी धावत जाऊन एसीचं भिंतीवरचं बटणही बंद केलं. "काढला, मॅडम! शाल मागवू का?"

मॅडम उठल्या. ऑसिलोस्कोपवरचं एक बारकं बटण 'एसी'वरून 'डीसी'वर सरकवलं. लाट टुणकन वर!

"तो नव्हं हो, हा एसी!"

ते बटण एसीवर असलं की उचललेली लाटही मधोमधच दिसते. हेच मी दरवर्षी पोरांना घसा फोडून सांगत आलो होतो! लाजेनं मान वर होईना.

तरी नोकरी लागली बरं का! मॅडमना विटा लई आवडल्या म्हणे. देवीची ओटीही भरून झाली.

लॅब मात्र मिळाली पत्र्याखाली. दर उन्हाळ्यात एसी मागायला जातो, आणि प्राचार्य घाम पुसल्यासारखं करत विचारतात, "तुम्हाला कशाला एसी? काढायला?"