ओल्या पायांची पायरी

गुणाजीला दर्या मानवला नाही. कोळ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाबद्दल असं सांगताना आजही आमच्या मनोरीत लोक आवाज थोडा खाली आणतात. पण खरं ते खरं. होडी खाडीचं तोंड सोडून बाहेरच्या पाण्यावर गेली, पहिली लाट खालून उचलून गेली, की गुणाजीच्या पोटातली पेज वर यायची. होडीतले गडी हसायचे. त्याचा बाप पोशा नाखवा सुकाणूवर असायचा. तो हसायचा नाही आणि बोलायचाही नाही. मान तेवढी दुसरीकडे वळवायचा. गड्यांच्या हसण्यापेक्षा ती वळलेली मान गुणाजीला जास्त लागायची.

मिसरूड फुटायच्या सुमारास त्याने होडी सोडली. खाडी ओलांडणाऱ्या तरीने मार्व्याला उतरला, मालाडपर्यंत चालत गेला आणि तिथून बोरिवलीला पोचला. तिकडे तेव्हा आमराया तोडून बंगले उठत होते. गुणाजी आधी घमेली उचलायला लागला, मग माल कालवायला, आणि एक दिवस त्याच्या हातात थापी आली. सिमेंट ओलं असतं तोवर पाण्याच्या चालीने चालतं, पण सांगितलेल्या जागी थांबतं. दर्याने त्याचं एवढंही कधी ऐकलं नव्हतं.

बंगल्यापुढच्या नक्षीच्या पायऱ्या हे त्याचं खास काम झालं. सरळ पायरी कुणीही ओतेल. गुणाजीच्या पायऱ्या गोल असायच्या, तळहातावर तळहात ठेवावा तशा एकीवर एक. त्यासाठी तो पातळ फळ्या पाण्यात भिजत घालायचा, होडीची फळी वाकवतात तशा हळूहळू वाकवायचा आणि खुंट्या ठोकून त्यांचा साचा उभा करायचा. साच्याला आतून मुशी माशाचं तेल चोळायचा. आम्ही होड्यांना लावतो तेच तेल. ते लावलं की सुकल्यावर फळी पायरीपासून अलगद सुटते. बंगल्याच्या मालकिणी नाकाला पदर लावायच्या.

"अहो मेस्त्री, घर बांधताय की मासे सुकवताय?"

"वास जाईल बाई. पायरी राहील."

मग खडी, रेती, सिमेंट. काठीने टोचून टोचून माल कोपऱ्यात बसवायचा, वर लाल रंगाचा थर द्यायचा, त्यात फुटक्या चिनी बश्यांचे पांढरे तुकडे वेलीसारखे बसवायचे आणि थापीने घोटत राहायचं. इतकं घोटायचं, की मालक कामावरून परत आला तर त्याला पायरीत फाटकाचं प्रतिबिंब दिसलं पाहिजे. अशी पायरी गुणाजीनेच करावी.

पण स्वतःच्या घराला मात्र पायऱ्या नव्हत्या. जोत्यापुढे काळे दगड रचलेले होते, त्याच्या आज्याने रचलेले. सगळ्यांचे पाय त्यांना सरावलेले होते. छप्पन सालच्या थंडीत त्यातला एक दगड हलला आणि पोशा नाखवा खाली आला.

नाखव्याच्या डोळ्यांत सारा चढत होता. उजेड आणि अंधार एवढंच त्याला कळायचं. तरी तो रोज सकाळी एकटा किनाऱ्यावर जायचा, होड्या लागायच्या वेळेला. कुणाच्या होडीत काय आलं ते वासावरून ओळखायचा, भावावरून भांडायचा, दोर कसा बांधला ते हाताने चाचपून शिव्या घालायचा. पडल्यावर खांदा दुखावला. खांदा बरा झाला, पण नाखवा दाराबाहेर पडेना.

गुणाजीची बायको पुतळाबाई, मासळी घेऊन मालाडच्या बाजारात जाणारी, तोंडाची धारदार आणि मनाची मऊ. ती म्हणाली, "मामा, माझा हात धरा. मी नेते."

"हात धरून पोरं नेतात," नाखवा म्हणाला. "आनि मेलेल्याला खांद्यावरून. मी अजून मदी हाय."

तो आत भिंतीला टेकून बसू लागला. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. बाहेर होड्या लागल्याचा गलबला उठला की तो तोंड भिंतीकडे करायचा. पुतळाबाई एका रविवारी गुणाजीला परसात घेऊन गेली आणि म्हणाली, "दुनियेला पायऱ्या बांधता. बापूस घरात बसून सुकतोय तुमचा. त्याला जर या घरातून उतरवला नाय, तर एक दिवस आपल्याला उचलून उतरवायला लागेल."

गुणाजीने बोरिवलीच्या कामावर सांगून टाकलं की आता घरचं काम आहे. गोड्या पाण्यातली रेती त्याने तरीतून गोणी गोणी करून आणली, कारण दर्याच्या रेतीतलं मीठ सिमेंटला खातं. पाणीही विहिरीचं. आळीतला चंदू, गुणाजीबरोबर वाढलेला आणि आता स्वतःची होडी चालवणारा, साचा बघायला उभा राहिला.

"काय रे गुण्या, होडी बांधतोस का? आडवी कशी?"

"तुज्या होडीपरीस सरळ हाय."

"बुडनार नाय एवढं खरं," चंदू म्हणाला, आणि उरलेली फळी वाकवायला त्यानेच दुसरं टोक धरलं.

तीन पायऱ्या. गोल, रुंद, चढ अगदी बेताचा. लाल थर, त्यात चिनी मातीची वेल. गुणाजीने बंगल्याच्या पायऱ्या घोटल्या नव्हत्या इतक्या त्या घोटल्या. साचा सुटला तेव्हा अख्खी आळी बघायला आली. बायकांनी पायरीत वाकून आपापली कुंकवं नीट केली. मग गुणाजी आत गेला.

"बा, पायऱ्या जाल्या. चल."

नाखवा उठला. भिंत चाचपत उंबऱ्यापर्यंत आला. उघडा पाय पुढे करून त्याने वरच्या पायरीवर टेकवला आणि इकडेतिकडे फिरवला. नाखव्याने पाय मागे घेतला.

"गुळगुळीत हाय," तो म्हणाला. "जित्या माशावर पाय ठेवल्यागत." आणि आत निघून गेला.

लोक पांगले. गुणाजी पायरीवर न बसता बाजूच्या वाळूत बसला. बापाला आपलं एकही काम कधी आवडलं नाही आणि आवडणारही नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. संध्याकाळी पुतळाबाई किनाऱ्यावरून आली. डोक्यावर बोंबलांची पाटी, पाटीतून पाणी गळतंय, पाय वाळू आणि पाण्याने भरलेले. दोन पायऱ्या चढून वरच्या पायरीवर पाय ठेवला आणि ती सरळ खाली बसली. पाटी आडवी झाली. तिन्ही लाल पायऱ्यांवरून बोंबील घसरत खाली आले, एकामागून एक, जणू त्यांच्यासाठीच पायऱ्या बांधल्या होत्या.

गुणाजी धावला. "लागलं का गं?"

पुतळाबाईने कंबर धरली होती आणि ती हसतही होती. "मना नाय लागलं. पन मेस्त्री, एक सांगा. तुमच्या बोरिवलीच्या लोकांचे पाय कदी वले असतात का?"

गुणाजीने एक बोंबील उचलून पाटीत टाकला. बंगल्यात माणसं बूट घालून येतात, कोरड्या रस्त्यावरून येतात. या घरात आजवर कोरड्या पायाने कोण आलं होतं? त्याच्या आज्याच्या काळ्या दगडांना खाचा होत्या, खरखर होती. आपण कुणाच्या डोळ्यांसाठी ही पायरी घोटली, हे त्याला कळलं. ज्याच्यासाठी बांधली त्याला तर डोळेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने छिन्नी हातोडा घेतला आणि लाल थरावर टाचे मारायला सुरुवात केली. चिनी मातीची वेल तुकडे तुकडे होऊन उडाली. आतून नाखव्याचा आवाज आला.

"काय फोडतंस?"

"वरचा थर. नवा देतो. त्याच्यावर रेघा मारीन, सुतळी दाबून. पाय धरून राहील."

मग नाखवा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "रेघ एका अंगाला धरते. दुसऱ्या अंगाला पाय सोडते."

गुणाजीचा हातोडा थांबला. "मग काय करू?"

"होडीची फळी वली असली, तर आमी पायाखाली काय टाकायचो?"

गुणाजीला आठवेना. होडीवर असताना त्याचं डोकं काठाबाहेर असायचं.

"जुनं जाळं," नाखवा म्हणाला. "जाळ्याला सगळ्या अंगांनी गाठी असतात."

गुणाजी उंबऱ्यात येऊन उभा राहिला. दोघांच्या मधे आता फक्त उंबरा होता.

"सिमेंट वलं असताना जाळं दाबायचं," तो हळूच म्हणाला. "मग उचलून घ्यायचं. नक्षी उठेल. गाठींसकट उठेल."

"माळ्यावर माझं हाय," नाखवा म्हणाला. "काड."

पुतळाबाई चूल सोडून बाहेर आली. ते जाळं नाखव्याने स्वतः विणलेलं होतं, सण-तागाच्या सुताचं, झाडाच्या सालीत रंगवलेलं. होडी विकली तेव्हासुद्धा ते त्याने दिलं नव्हतं. "मामा, त्याची वाट लागेल," ती म्हणाली. "सिमेंट धुवून जात नाय."

"तिथं उंदरं खातायत त्याला. पायरीने खाल्लं तर बरं."

जाळं खाली आलं. ते कापायला गुणाजीने कोयता घेतला, तो नाखव्याने त्याच्या हातातून काढून घेतला. वाकवलेल्या फळीवरून बोटं फिरवून त्याने गोलाई मापली, मग तीच बोटं जाळ्यावर फिरवली आणि गाठ चुकवून एकेक सूत कापत गेला. डोळे असणाऱ्याला ते तितकं नीट जमलं नसतं. कापताना त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं की नाही हे सांगता येत नाही. तो कामात होता, आणि कामात असलेला नाखवा पुतळाबाईने त्या थंडीत पहिल्यांदाच पाहिला.

गुणाजीने टाचलेल्या पायऱ्या धुतल्या, सिमेंटचं दाट पाणी शिंपडलं आणि वर नवा थर पसरला. लाल रंग घातला नाही. बाप उंबऱ्यावर आणि लेक खाली, दोघांनी जाळ्याचा तुकडा ताणून धरला.

"तान. अजून तान. वाऱ्याने फुगलेलं शीड धरतंस का? खाली घे आता."

जाळं टेकलं. गुणाजीने गवंड्याच्या लाकडी रंध्याने ते सारखं दाबून बसवलं. आता थांबायचं होतं. लवकर उचललं तर माल सुतांबरोबर वर येईल, उशिरा उचललं तर जाळं पायरीतच राहील. नाखवा कडेला अंगठा टेकवून बघत होता आणि गुणाजी पायरीच्या रंगाकडे बघत होता. पुतळाबाई कोंबड्या हाकत होती.

"तुला दर्यावर एवढं व्हायचं," नाखवा अंगठा न उचलता म्हणाला, "तर मना कदी बोलला का नाय?"

"बोललो असतो तर तू काय केलं असतंस?"

नाखव्याने खरोखर विचार केला. "मारला असता."

"म्हनून नाय बोललो."

"बरं केलंस."

गुणाजीने कडेला सांडलेला माल बोटाने पुसून काढला.

"तू मान वळवायचास," गुणाजी म्हणाला. इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं वाक्य, पण बाहेर आलं ते साधंच. "तुला लाज वाटायची माझी."

"लाज?" नाखव्याने आंधळे डोळे त्याच्याकडे वळवले. "पोर वकतंय, पांढरं पडलंय, आनि माज्या हातात सुकाणू. सोडलं तर सगळे बुडतात. मी काय बगत बसू? बगवायचं नाय मना."

गुणाजीने रंधा उगाचच धुतला, पुसला, पुन्हा धुतला.

"चल," नाखवा म्हणाला. "अंगठा बसत नाय आता. उचल."

दोघांनी मिळून जाळं उचललं, एका कडेने, दमादमाने. खाली चौकटी उठल्या होत्या, हजारभर बारीक चौकटी, आणि प्रत्येक कोपऱ्यात गाठीची खूण. खालच्या पायरीच्या एका टोकाला सूत चिकटून राहिलं आणि तुटलं. गुणाजी ते उकरून काढायला निघाला, तर नाखवा म्हणाला, "राहू दे. जाळं हाय, फाटायचंच."

नंतरचे दिवस पुतळाबाईचे. पायऱ्यांवर गोणपाट पसरलेलं आणि ते सुकू द्यायचं नाही. विहीर लांब. ती हंडे आणायची आणि ओतताना ऐकू जाईल असं बोलायची, "घरात आंगोलीला पानी नाय, आनि ही बया दिवसभर पितेय! माजी सासू नव्हती एवढी पित." आतून नाखव्याचं हसणं यायचं, खोकल्यासारखं.

मग एका सकाळी गोणपाट निघालं. पायऱ्या करड्या दिसत होत्या, ओल्या वाळूच्या रंगाच्या. बघायला आळी आली नाही. बघण्यासारखं त्यात फार काही नव्हतंच. भरती चढत होती आणि खाडीच्या तोंडाशी शिडं दिसायला लागली होती.

नाखवा उंबऱ्यावर आला. पुतळाबाईने मुद्दाम पायऱ्यांवर पाणी ओतलं होतं. त्याने उघडा पाय टेकवला आणि थोडा रेटून पाहिला. पाय हलला नाही. मग त्याने तळवा हळूहळू फिरवला, अख्ख्या पायरीभर, आणि त्याची बोटं आखडली, पसरली, पुन्हा आखडली. त्याची स्वतःची गाठ, त्याच्याच हाताची ओढ. दुसरा पाय खाली आला. गुणाजी मागे उभा होता आणि त्याने आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते, ते आपणहून पुढे जाऊ नयेत म्हणून.

दुसरी पायरी. तिसरी. मग वाळू. नाखव्याने कमरेचा रुमाल नीट खोचला, वारा कुठून येतोय ते गालावर घेतलं आणि काठीशिवाय, हाताशिवाय, किनाऱ्याच्या दिशेने चालू लागला. नारळीपर्यंत तो दिसत होता. पुढे नवरा बायको नुसते कान देऊन उभे राहिले.

आधी चंदूचा आवाज आला, "नाखवा आला रे!" मग गलबला. आणि मग त्या सगळ्यावरून एक जाड, भसाडा आवाज चढला: हा दोर कोणत्या गाढवाने बांधला, त्याच्या बापाने कधी होडी बांधली होती का?

"ऐका," पुतळाबाई म्हणाली. "शिव्या देतोय." आणि तिने पदराने डोळे पुसले.

मालाडच्या बाजाराची वेळ टळून गेली. मार्व्याच्या तरीनेही गुणाजीची वाट पाहिली नाही. ऊन डोक्यावर आलं, भात झाला, कालवण झालं, कालवण निवलं. शेवटी पुतळाबाई वरच्या पायरीवर उभी राहिली, तोंडाला हात लावला आणि बाजारात देते तशी हाक दिली.

"मामा! जेवायला या!"

किनाऱ्यावरून लगेच उत्तर आलं.

"तुमी जेवा! मना हितं काम हाय!"