देवीपुढचं बोलणं

बमरोलीत आमच्या गल्लीच्या टोकाला देवीचं देऊळ आहे. तिथले भगतबाबा गाऱ्हाणं ऐकताना वाती वळत राहतात, मान वर करत नाहीत. म्हणून माझ्यासारख्या लाजऱ्या बाईलाही त्यांच्यापुढे बोलता येतं. देवीपुढे सांगितलेलं बाहेर न्यायचं नाही, अशी आम्हा खान्देशी लोकांची रीत आहे.

श्रावणात आईबरोबर आलेली एक शाळकरी मुलगी तिथे रडली. तिचा काका तिच्या अंगाला हात लावायचा. मी आरतीचं ताट घासत होते. बाबांनी वाती खाली ठेवल्या आणि ते तिच्या आईला म्हणाले, "चल माय, पोलीस चौकीत जाऊ. मी येतो संगे."

काकाला पोलिसांनी नेलं. संध्याकाळी देऊळ चालवणाऱ्या मंडळाची माणसं चिडून आली. "देवीपुढचं बोलणं चौकीत नेलं, भगत?"

"कायदा म्हणतो, सांगा. तुम्ही म्हणता, सांगू नका," बाबा हळू आवाजात म्हणाले. "पोर रडत होती रे भाऊ. तिला काय म्हणू, देवीनं ऐकलं, आता घरी जा?"

आता गाऱ्हाणं घेऊन फारसं कोणी जात नाही. बाबा एकटेच बसलेले दिसतात. माझ्या मुलीला मात्र मी सांगून ठेवलंय, मला सांगायची तुला लाज वाटली तर भगतबाबांकडे जा.