वांगी घरी देऊन या

अभिमन पाटील शिरपूरकडच्या एका तालुका कोर्टात कारकून होते आणि आपण कुणाचा पैसा घेत नाही, हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे. बोलणं खोटं नव्हतं. पैशाला त्यांनी खरंच कधी हात लावला नाही. वांग्यांची गोष्ट मात्र वेगळी. थंडी पडली की पक्षकार पिशव्या भरभरून भरिताची हिरवी वांगी आणायचे, आणि "प्रेमानं आणलेल्याला नाही कसं म्हणायचं?" असं म्हणत अभिमनभाऊ ती ठेवून घ्यायचे. प्रेम नेमकं कोर्टाच्या कारकुनावरच का उतू जातं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नाही.

साहेबांसमोर टेबलाखाली पिशवी दिसणं बरं नव्हे. म्हणून ज्यानं आणली त्यालाच ते घरी पिटाळायचे. घर नदीपलीकडे, जाऊन यायला तासभर.

अडुसष्ट सालच्या डिसेंबरात धुरपदाबाई आली. पन्नाशीची विधवा, बोलायला साधी. दीर भटू याच्याशी तिचा विहिरीच्या पाण्यावरून दावा होता. विहीर सामाईक, पण नवरा गेल्यावर भटूनं तिची पाण्याची पाळीच बंद केली होती. कोर्टानं तात्पुरता हुकूम दिला म्हणून तिच्या वांग्यांना आठवड्यातून दोन दिवस पाणी मिळत होतं. हुकूम दाव्यावर टांगलेला. दावा गेला की पाणीही जाणार.

"भाऊ, वांगा लई उनू," ती म्हणाली आणि तिनं पिशवी टेबलाशी ठेवली.

अभिमनभाऊंनी बोर्डाकडे पाहिलं. तिचा नंबर सतरावा. जेवणाच्या सुट्टीआधी यायचा नाही. "जा अक्का, घरी देऊन या. बराच वेळ आहे."

ती विश्वासानं गेली. पण त्या दिवशी एका वकिलाच्या मुलीचं लग्न जळगावला होतं आणि निम्मे वकील तिकडे गेले होते. धुरपदाबाईचे झुंबरलाल वकीलही गेले होते. तारीख तूच मागून घे, असं त्यांनी तिला बजावलं होतं. मग काय, वकील नाहीत, पक्षकार उभे राहून तारखा मागतायत आणि नंबर भराभर पुढे सरकतायत. पाऊण तासात सतरावा आला.

शिपाई वना व्हरांड्यात गेला आणि धुरपदाबाईच्या नावानं तीनदा ओरडला. तिसऱ्या हाकेनंतर त्यानं मागे वळून अभिमनभाऊंकडे पाहिलं. पिशवी घेऊन ती कुठे गेली, हे त्याला ठाऊक होतं.

"वादी आहे का?" साहेबांनी विचारलं.

एवढंच म्हणायचं होतं की, साहेब, ती माझ्या घरी गेली आहे, मीच पाठवली. त्यावर साहेब विचारणार, कशाला? अभिमनभाऊंनी लेखणी उचलली. "नाही साहेब," ते म्हणाले, आणि आपल्या सुबक अक्षरात त्यांनी रोजनाम्यात लिहिलं: वादी तीनदा पुकारूनही गैरहजर. दावा काढून टाकला.

थोड्या वेळानं ती धापा टाकत आली. "भाऊ, वहिनीनी चहा पाजा, म्हनीसन उशीर व्हयना. मना पुकारा व्हयना का?"

उशीर झाला म्हणून तीच माफी मागत होती. अभिमनभाऊंना तिच्या तोंडाकडे पाहवेना. समोरच्या कागदावर बघतच त्यांनी काय झालं ते सांगितलं.

झुंबरलाल वकिलांनी दावा परत दाखल करून घेण्याचा अर्ज तयार केला. गैरहजेरीचं कारण लिहायची वेळ आली तेव्हा ते अभिमनभाऊंच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "बाईनं मला सगळं सांगितलंय. काय लिहू?"

अभिमनभाऊंनी आधी साहेबांच्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोटदुखी लिहा."

अर्ज सुनावणीला यायला पाच आठवडे गेले. तेवढ्यात भटूनं विहिरीवरच्या इंजिनच्या खोलीला कुलूप घातलं आणि धुरपदाबाईचं वांग्यांचं शेत उभं वाळलं. तारखेला ती रिकाम्या हातानं आली.

साक्षीदाराला शपथ देणं कारकुनाचं काम. अभिमनभाऊ उठले. "म्हणा, ईश्वरसाक्ष सांगते की, खरं सांगेन, खोटं सांगणार नाही." हजार वेळा म्हटलेली वाक्यं, पण त्या दिवशी ती त्यांनी कागदावर बघून म्हटली. तिनं शब्द शब्द मागून म्हटला.

"त्या दिवशी कुठे होतात?" साहेबांनी विचारलं.

धुरपदाबाईनं अभिमनभाऊंकडे एकदा पाहिलं. "पोटमा कळ उनी व्हती, साहेब. झाडखाले पडेल व्हतू."

अर्ज मंजूर झाला, दावा पुन्हा उभा राहिला. बाहेर व्हरांड्यात अभिमनभाऊंनी तिला गाठलं. ते बोलायच्या आत तीच म्हणाली, "राहू द्या भाऊ. तुमनी नोकरी शे. मनं काय ते देव देखी ली."

त्यानंतर त्यांनी कुणाकडून भेंडीसुद्धा घेतली नाही. घरी भरीत भाजलं की ते भूक नाही म्हणून उठत. बायकोनं, कुंदाबाईंनी, पुष्कळदा कारण विचारलं, पण तिलासुद्धा ते सांगू शकले नाहीत. पैसा घेत नाही, हे पालुपद तेवढं कायमचं बंद झालं.

शहात्तर साली ते निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत नवे साहेब म्हणाले, "तीस वर्षांत या माणसावर एक डाग नाही." टाळ्या पडल्या. आज सगळं सांगून टाकायचं, असं अभिमनभाऊंनी रात्रीच ठरवलं होतं. ते उठले. दाराशी, वनाच्या शेजारी, धुरपदाबाई उभी होती. दावा ती केव्हाच जिंकली होती. भाऊ निवृत्त होतायत असं कुणीतरी सांगितलं म्हणून एवढ्या लांबून आली होती.

खरं सांगायचं, तर तिनं शपथेवर सांगितलेलं खोटं चव्हाट्यावर येणार. आणि हे कारण आपल्याला किती सोयीचं आहे, हेही अभिमनभाऊंना त्याच क्षणी कळलं.

"सगळ्यांचा आभारी आहे," एवढं म्हणून ते खाली बसले.

सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवल्या त्या धुरपदाबाईनं.