तापात काढलेलं रक्त

हेल्वेने तीस वर्षं तार्तू शहरातल्या एका इस्पितळात लोकांचं रक्त काढलं. प्रत्येक नळीवर ती तारीख आणि वेळ लिहायचीच, शिवाय रुग्णाला त्या घडीला किती ताप होता तेही लिहायची. तसं लिही असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण तापलेल्या माणसाचं रक्त आणि धडधाकट माणसाचं रक्त एका मापाने मोजू नये, एवढं तिला कळत होतं. मोठ्या लोकांना तेवढंही कळलं नाही, हीच तर बोंब!

विषाणूची साथ आली त्या वर्षी प्राध्यापक लाउरित्स यांनी त्या नळ्या तपासल्या. अत्यवस्थ पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी निघालं. झालं! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. साहेब टीव्हीवर जाऊन सांगून मोकळे, की हे हार्मोन कमी असलं की विषाणू माणसाला गाठतो.

हेल्वेने लगेच फोन लावला. "सर, हे रक्त लोकांना ताप चढल्यावर काढलंय. आजारपणानेच हार्मोन उतरतं. नळीवर लिहिलंय मी सगळं."

"तुमचं काम छानच असतं, हेल्वेबाई," सर म्हणाले. "आकड्यांचं आम्ही बघतो."

बघतात म्हणे! नळीवर लिहिलेला ताप वाचायला यांना वेळ नव्हता.

तिचा थोरला भाऊ एंडेल पेइप्सी सरोवराकाठी राहायचा. त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर होता. हेच हार्मोन त्या कॅन्सरचं खाद्य, म्हणून ते पाडणारं इंजेक्शन तो दर तीन महिन्यांनी घ्यायचा. टीव्हीवरचं ऐकून त्याने ते बंद केलं. शनिवारी सौनातलं वाफेचं स्नान आटोपून दोघं ओसरीत बसली, तेव्हा कुठे त्याने हे सांगितलं.

"दादा, सोमवारी जा आणि टोचून घे."

"आणि साथीत मरू?"

"अरे, ते रक्त मी काढलंय!"

"तू काढतेस गं. वाचणारे ते," एंडेल हसला आणि त्याने धुरी दिलेल्या माशाची थाळी तिच्यापुढे सरकवली. सख्खा भाऊ, आणि बहिणीच्या तीस वर्षांपेक्षा त्याला टाय घातलेला माणूस खरा वाटला. तिने हात जोडले, भांडली, त्याच्या डॉक्टरांकडून फोन करवला. तो हटला नाही.

दीड वर्षाने जनुकपेढीतल्या दोन मुली हेल्वेकडे आल्या. या पेढीत देशातल्या दर पाच प्रौढांतल्या एकाचं रक्त ठेवलेलं आहे. मुलींनी आधी विचारलं, "बाई, कुठली नळी आजाराच्या कितव्या दिवसाची?" एवढं साधं विचारायला कुणीतरी आलं, याचंच तिला रडू आलं. मग त्यांनी आपलं काम समजावलं. हार्मोन जास्त की कमी, हे थोडंफार आईबापांकडूनच येतं, आणि तो वारसा तापाने बदलत नाही. म्हणून त्यांनी हजारो लोकांचा वारसाच तपासला होता. जन्मतःच कमी हार्मोनकडे कल असलेल्यांना विषाणूने जास्त गाठलं होतं का? नव्हतं.

मग लाउरित्स यांनी चार ओळींची दुरुस्ती छापली. 'नमुने घेण्याच्या वेळेचा परिणाम नाकारता येत नाही.' वरातीमागून घोडं, तेही लंगडं! माफीचा एक शब्द नाही.

तोवर एंडेलचा कॅन्सर कंबरेच्या हाडात उतरला होता. हेल्वेने खाटेशी बसून त्या चार ओळी त्याला वाचून दाखवल्या.

"म्हणजे तूच बरोबर होतीस," तो म्हणाला.

"मला बरोबर ठरायचं नव्हतं रे दादा," हेल्वे ओरडलीच. "तू सुई टोचून घ्यावीस, एवढंच हवं होतं मला!"