केस्तीनेमावशीने फिरवलेली पहिली ताटली

केस्तीनेमावशीबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. ज्यांना लिहिता येत होतं ते गेले, म्हणून मी लिहितो. काही चुकलं तर गावाने सांभाळून घ्यावं.

गावच्या सभाघराची किल्ली चाळीस वर्षं तिच्याकडे होती. आमचा सीमेवरचा डॅनिश मुलूख जर्मन अंमलात होता आणि सभाघराला दारूचा परवाना मिळेना, तेव्हा आमच्या बायकांनी घरोघरचे केक आणले आणि माणसांनी कॉफीवर डॅनिश भाषणं ऐकली. रीत तेव्हाची. आधी सात मऊ केक, मग सात कडक, आणि समोर आलेल्या ताटलीला नाही म्हणायचं नाही. एकोणीसशे वीस साली कुठल्या देशात राहायचं यावर मतं पडली आणि आमचा मुलूख डेन्मार्कात परत आला. मावशीचा नवरा तोवर राहिला नव्हता. पहिल्या महायुद्धात, नको असलेल्या जर्मन कैसरच्या गणवेशात तो रशियात मेला होता.

सेहेचाळीसच्या वसंतात थेआ सभाघरात आली. तिचं घर गावातल्या जर्मन पक्षाचं. नवरा आस्मुस दुसऱ्या युद्धात जर्मनांना सामील झाला म्हणून तुरुंगात होता, आणि वर्षभर तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. आज गावाने जवळ केलं नाही तर घर विकून सीमेपलीकडे जर्मनीत बहिणीकडे जाईन, असं तिने मावशीला आधीच सांगितलं होतं. राय धान्याच्या काळ्या पावाचा, साय भरलेला केक टेबलावर ठेवून ती दाराजवळच बसली, अंगातला कोटही न काढता.

मावशीने नेमकी तीच ताटली उचलली आणि येप गाडीवाल्यासमोर धरली.

"मला आज भूक नाही, मावशी."

"कालच्या बारशाला तीनदा घेतलंस. आज काय पोट शिवून आलास?"

"कुणाचा आहे माहीत आहे मला."

"मलाही. म्हणून तर पहिला."

"तुम्ही तरी असं करू नये. तुमचा माणूस त्यांच्याच गणवेशात गेला."

"तो गणवेश मीच इस्त्री केला होता, येप. मला नको शिकवूस."

मावशीने स्वयंपाकघराकडे बघून सांगितलं, "ही ताटली रिकामी होईस्तोवर दुसरी बाहेर यायची नाही. कॉफीसुद्धा."

किटल्या आत, माणसं बाहेर. येपच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. "घे रे बाबा. आमचे बाकीचे तेरा प्रकार आत वाळतायत." येपने तुकडा घेतला. त्याच्या शेजारच्याने घेतला. तिसरा मी. माझा तुकडा अगदी लहान होता, हे आज कबूल करतो.

ताटली फिरून आली तेव्हा तिच्यात नुसता चुरा होता. येप कुणाकडे न बघता म्हणाला, "साय जरा जास्त झालीय."

"तुला नेहमी जास्तच लागते," थेआ दाराजवळून म्हणाली. वर्षभरात सभाघरात तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.

मावशीने तिच्या हातात कॉफीची किटली दिली. "त्या बाजूचं तू बघ. माझे पाय दुखतायत."

थेआने कोट काढून खुंटीला लावला.