बांधापर्यंत कापूस

अकोल्याला जायचं म्हणून अमरावतीहून निघालो आणि डोळे उघडले ते तिवशाच्या अलीकडे, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. बैलांचा यात दोष नव्हता. पहाटे कापसाच्या बाजारात रिकाम्या गाड्यांची रांग लागली होती. भाच्यानं ठरवून दिलेली गाडी सोडून मी शेजारच्या गाडीत चढलो, आत मऊ गोणपाटं होती, आणि गाडीवान येण्याआधीच मला झोप लागली. तो म्हणाला, कोणी म्हातारा ब्राह्मण थकून निजला असेल, कशाला उठवा. माझं वय तेव्हा बेचाळीस.

गणाजी त्याचं नाव. घरचा शेवटचा कापूस विकून तो गावी परतत होता. आता आज माझ्या घरी चला, उद्या तिवशाहून गाडी करून देतो, असं त्यानंच ठरवून टाकलं. समुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपल्यामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. वाटेत दोन्ही अंगांना काळी रानं नांगरून पडली होती आणि बांधांवर उपटलेल्या पऱ्हाटीचे (कापसाच्या झाडांचे) ढीग. ज्वारीचं धसकट औषधालाही दिसेना. गणाजीच्या बैलांच्या शिंगांना मात्र चांदीच्या शेंब्या होत्या.

घरी पोचल्यावर जेवणाचा प्रश्न आला. आमच्या सोवळ्याला त्यांच्या चुलीवरचं चालायचं नाही, म्हणून मी मोठ्या सोशिकपणानं म्हटलं, मला नुसतं वाटीभर दूध पुरे. गणाजीनं घाईघाईनं साखरेचं सरबत करायला सांगितलं.

त्याची म्हातारी आई उंबऱ्यात बसली होती. तिनंच तोंड उघडलं.

"दूध कोठून आनू, महाराज? ज्वारी पेरली नाही त कडबा नाही, अन् कडबा नाही त गाय नाही. इकली यानं."

"सारं भेटते बाजारात," गणाजी म्हणाला. "पोरीले दोन येळ भात-साखर चारतो मी. गावात कोन खाते?"

ती पोर, चंद्री, सहा वर्षांची, भिंतीला टेकून बसली होती. विहिरीपासून घरापर्यंत चालत आली तेवढ्यानं धापत होती, आणि बसल्या बसल्या नखानं भिंतीची माती खरवडून तोंडात टाकत होती. गणाजी कौतुकानं म्हणाला, पोर बघा कशी गोरी निघाली. पाहुण्याचं कर्तव्य म्हणून मीही मान डोलावली.

म्हातारीनं पोरीला जवळ ओढलं आणि तिची खालची पापणी उलटून मला दाखवली. आत लाली नावाला नव्हती, कवडीसारखं पांढरं.

"गोरी नाही ते बाप्पा, रिती होऊन राहिली."

गावात अशी आणखी तीन पोरं होती, त्यातलं एक दिवाळीत गेलं, हे तिनं सरबताचा पेला माझ्यापुढे सरकवता सरकवता सांगितलं. दृष्ट काढून झाली, ताईत बांधून झाला. मग ती खऱ्या गोष्टीवर आली. इकडे पुरुष तिफण (पाभर) हाकतात आणि बी सोडतात बायका. त्यांच्या घरच्या रीतीनं दर काही ओळींमागे एक ओळ घरच्या बाईची. तीत ती अंबाडी, बरबटी (चवळी), तीळ, जे चुलीला लागेल ते पेरणार. गेली दोन वर्षं गणाजीनं त्या ओळींतही सरकी पेरायला लावली होती, आणि तेव्हापासून पोरीच्या ताटात ना भाजी होती ना भाकर.

"तिफन तुही, बैल तुहे," म्हातारी लेकाला म्हणाली. "पन मूठ माही हाय. अवंदा माह्या मुठीतून एकबी सरकी पडनार नाही."

"लोक हासतीन, माय."

"हासू दे. पोर राहीन त हासनं आयकू."

मी सरबत पिऊन टाकलं. मला कोणी काही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गणाजीनं मला तिवशाला नेलं. तिथे माझ्यासाठी गाडी बघायच्या आधी त्यानं पायलीभर ज्वारी आणि अंबाडीचं बी घेतलं. ज्वारी दाताखाली फोडून पाहिली. दुकानदार हसला, तरी घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुभती गाय कोनाले इकाची असन त सांगा, महाराज." जसा काही मी गाईंचा दलाल. मला अकोल्याच्या गाडीत बसवताना त्यानं गाडीवानाला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

त्या चंद्रीचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. ताटातल्या भाजीवर इतकं काही टांगलेलं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. भाजी मी बहुधा ताटाच्या कडेला सारतो.

घरी आल्यावर ही हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. झोपेच्या प्रसंगाला सगळे हसले. बायको सूप घेऊन तांदूळ निवडत होती, ती हसली नाही. सूप बाजूला ठेवून तिनं आमच्या शेंडेफळाला, यमूला, हाक मारली आणि तिला दारातल्या उजेडात माझ्यापुढे बसवलं.

"तिथली पापणी पाहून आलात ना," ती म्हणाली, "आता हिची पाहा. मला एकटीला धीर होत नाही."